हरभरा फुलात असताना

या वर्षी हरभरा उशिरा फुलला. परतीचा पाऊस लांबला, काळ्या रानाला वाफसा यायला वेळ लागला, पेरण्या मागे गेल्या. नाताळ उलटून गेल्यावर एका सकाळी नदीकडच्या वाटेनं चालताना पायजम्याच्या कडा ओल्या झाल्या आणि थोड्या वेळानं घोट्यापाशी चुरचुरायला लागलं. खाली पाहिलं तर बांधावर झुकलेला हरभरा, आणि पानांच्या आड लहान, जांभळट गुलाबी फुलं. हरभऱ्याचं फूल डोळ्यांना आधी दिसत नाही. आधी कातडीला कळतं.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. थंडीत तिच्यावर दव साचतं आणि पानातला आंबटपणा त्यात उतरतो. या आंबट दवाला आमच्याकडे आंब म्हणतात. उजाडायच्या सुमाराला स्वच्छ धुतलेलं सुती कापड पिकावरून अलगद ओढत न्यायचं, ओलं झालं की भांड्यात पिळायचं, पुन्हा ओढायचं. ऊन चढलं की आंब जाते. काचेच्या बाटलीत भरलेली आंब पुष्कळ दिवस टिकते. पोटदुखीला, अजीर्णाला लोक ती चमचाभर पाण्यातून घेतात. कापड मात्र टिकत नाही. आंब त्याला हळूहळू खाते. आधी ते मऊ होतं, मग विरतं, मग एखाद्या सकाळी पिळताना बोटं आरपार जातात.

घरी आलो तेव्हा सुमन ओट्यावर उन्हाला पाठ करून बसली होती. हरभरा फुलला म्हणून सांगितलं.

"कळलं," ती म्हणाली. "पायजमा बघा तुमचा."

सुमन माझी बायको. तिची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. वर्गात शिरणाऱ्या मुलाच्या पायांकडे बघून तो कुठल्या वाटेनं आला हे ओळखायची सवय अजून आहे.

"बशीरभाईंचा का?"

"बशीरभाईंचा."

"मग यंदा धुकं आहे की नाही?"

आहे, म्हणालो. ती शालीच्या आत हात घेऊन बसून राहिली. ती ज्या हिवाळ्याचं धुकं विचारत होती, ते मला समजलं होतं.

तो तिच्या आजाराचा पहिला हिवाळा. पावसाळा संपता संपता पायांवर सूज आली. आम्ही ती चपलेवर ढकलली, मग मिठावर. दिवाळीच्या आत दोन्ही मूत्रपिंडं काम करत नाहीत हे निश्चित झालं आणि आठवड्यातून तीन दिवस नगरला डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कोल्हारहून निघायचं, राहुरी मागे टाकायची, शहरात शिरायचं, तिला यंत्राला जोडून शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, आणि दिवस कलताना त्याच रस्त्यानं परत यायचं. उरलेले दिवस पुढच्या फेरीच्या तयारीत जायचे.

शरीरातलं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली की आत जाणारं पाणी मोजावं लागतं. दिवसाची एक लहान बाटली. चहातलं, आमटीतलं, गोळ्यांबरोबरचं, सगळं त्यातच धरायचं. कोल्हारसारख्या गावात हा नियम फार ऐकू येतो. समोर प्रवरा, मागच्या अंगाला पाट. पाटाला आवर्तन सुटलं की अंथरुणात पडल्या पडल्या पाण्याची खळखळ कानावर येते. सुमन तो आवाज ऐकत पडलेली असे. एकदा सकाळी म्हणाली, "पाट चालू असला की मला शाळेचा माठ दिसतो. मुलं रांगेत उभी असतात. मी सगळ्यांच्या शेवटी. माझा नंबर यायच्या आत घंटा होते."

त्या दिवसांची आठवण क्रमानं येत नाही. यंत्राचा संथ, घरघरता आवाज येतो. नळ्यांमधून गोल फिरून परत जाणारं तांबडं रक्त येतं. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा झोपेत गुरांना हाका मारायचा, त्या हाका येतात. परतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या संथपणे पुढे सरकताना दिसतात, आणि कारखान्याच्या बाजूनं आलेला मळीचा गोड, जड वास गाडीच्या काचेतून आत शिरतो. सुमन नाकावर पदर घेते. हे कोणत्या दिवशीचं, आधीचं की नंतरचं, सांगता येत नाही. झोप कमी पडली की गोष्टींच्या कडा विरघळतात. गॅसपाशी उभं राहून चहा टाकला आहे की टाकायचा आहे, हे आठवायचं नाही. दिवेलागणीला बाहेर पाहून वाटायचं, उजाडतंय. मी त्या हिवाळ्यात जागा कमी होतो आणि झोपेत त्याहून कमी.

मदत करायला माणसं नव्हती असं नाही. मुलगी पुण्यात होती, तिचं बाळ अंगावर पीत होतं. तरी जमेल तेव्हा ती यायची. मागच्या मळ्यात बशीरभाई आणि जुबेदाभाभी राहतात. त्यांची विहीर आणि आमचं परसदार यांच्यामध्ये शेवग्याचं एक झाड तेवढं आहे. जुबेदाभाभी दर चार दिवसांनी त्या झाडाखाली येऊन उभ्या राहायच्या.

"भाऊ, एक बुधवार मी जाते ताईंसंगं. तुमी घरी बसा."

"नको भाभी. मला आता सगळं माहीत झालंय."

"आमाला बी माहीत व्हईल की. शिकायला किती येळ लागतो?"

"बघू पुढं."

"तुमचं पुढं लई लांब हाय, भाऊ."

मी त्यांना परत पाठवायचो. मला खरोखरच सगळं माहीत होतं: कोणती गोळी जेवणाआधी, कोणत्या हातावर दाब मोजायचा नाही, कोणती परिचारिका हलक्या हाताची, थंडी वाजायला लागली की कोणतं पांघरूण. इतकं सगळं एका माणसाला माहीत असलं की त्याला वाटायला लागतं, तो उठून गेला तर यंत्र थांबेल.

संक्रांतीच्या आधी, एका शुक्रवारी परत येताना, राहुरी ओलांडल्यावर माझा डोळा लागला. रस्ता सरळ होता. पुढे उसाची ट्रॉली होती. मला आठवतं ते एवढंच, की ट्रॉलीच्या बाहेर आलेली उसाची वाढी, शेंड्यांची हिरवी पाती, वाऱ्यावर हलत होती आणि ती फार मऊ, अंथरुणासारखी दिसत होती.

"अहो," सुमन म्हणाली. "ट्रॉली."

तिनं आवाज चढवला नव्हता. मागच्या बाकावर डुलकी घेणाऱ्या पोराला जागं करायचा तो आवाज होता. मी ब्रेक दाबला. गाडी वाढ्यांना घासून थांबली. ट्रॉली पुढे निघून गेली. तिच्या चालकाला काही कळलं नसावं. आम्ही गाडी बाजूला घेतली. शेजारच्या रानात कोणीतरी कांद्याला पाणी देत होतं.

"आता ऐका," ती म्हणाली. "तुम्ही असे पडलात तर मला नगरला कोण नेणार? मी तुमच्या काळजीनं बोलत नाही. माझ्या गरजेनं बोलते."

"आजच झालं."

"आज झालं. सोमवारी परत निघायचंय."

मी थकलो आहे हे मला ठाऊक होतं. त्या थकव्याची फेड मला एकट्याला करायची नाही, तिच्याही जिवानं करावी लागेल, हे त्या रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

आंब आमच्या घरात आली ती त्याच आठवड्यात, बशीरभाईंच्या तोंडून. ते मला पत्रकार म्हणतात. मी बरीच वर्षं नगरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो, नंतर तिथंच टेबलावर बसून इतरांच्या बातम्या तपासायचो. निवृत्त होऊन गावी आलो तरी बशीरभाईंनी हाक बदलली नाही.

"पत्रकार, वहिनीला आंब द्या. तहान मारती. आमचा हरभरा फुलात हाय, पायजे तेवढी न्या."

मी दोन सकाळी गेलो, बाटलीभर आंब आणली आणि सोमवारी नगरला डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला आणि परत दिली. हे आम्ल आहे, म्हणाले. यांना थेंबसुद्धा देऊ नका, निरोगी मूत्रपिंड असेल तर गोष्ट वेगळी. बाटली घरी आली आणि फळीवर गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणातून उठलो नाही.

"गेला नाहीत?" सुमननं विचारलं.

"कशाला जाऊ? तुला द्यायची नाही."

"ते डॉक्टरांना माहीत आहे आणि आपल्याला. गल्लीला कुठं माहीत आहे?" तिनं उशाचं धुतलेलं कापड माझ्याकडे सारलं. तिच्या जुन्या सुती साडीचा तो तुकडा होता. "खांद्यावर टाका आणि जा."

तिला काय म्हणायचं होतं ते गावात राहणाऱ्यालाच कळेल. घरात दुखणं असलं की बाकीच्यांनी कसं वागावं, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. पारावर रेंगाळायचं नाही. इस्त्रीचे कपडे घालायचे नाहीत. मोठ्यानं हसायचं नाही, हसलंच तर लगेच सुस्कारा टाकायचा. आमच्या समोर काशीकाकू राहतात, माझ्या वडिलांच्या चुलत भावाच्या पत्नी. दिवाळीनंतर एकदा मी दवाखान्यातून आल्यावर मोकळं वाटावं म्हणून पुलापर्यंत पायी गेलो होतो. परत आलो तर काकू दारात उभ्या. "बायको खाटंवर," त्या म्हणाल्या, "अन् हे निघालं हवा खायला." त्यानंतर मी पुलापर्यंत गेलो नव्हतो.

खांद्यावर सुती कापड आणि हातात तांब्या घेऊन पहाटे हरभऱ्याकडे जाणारा माणूस मात्र औषधाला चाललेला असतो. त्याला कोणी अडवत नाही. काकू अंगणात सडा टाकता टाकता बाजूला व्हायच्या. "जा बाबा. देव गुन देईल."

रविवारच्या पुरवणीसाठी 'रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी स्वतःकडे कसं पाहावं' अशा विषयांवरचे लेख मी टेबलावर कितीदा तपासले असतील. पुरेशी झोप, हलका व्यायाम, आवडता छंद, मित्रांशी गप्पा. वाक्यं सुटसुटीत करायचो, परिच्छेद तोडायचो, शीर्षक द्यायचो. त्यातलं काही चूक नव्हतं. पण त्या लेखांमध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं की या सगळ्यासाठी खांद्यावर एक कापड लागतं.

बशीरभाईंचं हरभऱ्याचं रान नदीच्या काठाला लागून आहे. पहाटे तिथं धुकं एवढं उतरायचं की बांधावर उभं राहिलं तर पीक दिसायचं नाही. पांढऱ्या काही तरी पदार्थात गुडघ्यापर्यंत उभं राहिल्यासारखं वाटायचं. उभ्या पिकात चपला नेत नाहीत. चपला बांधावर सोडून आत पाऊल टाकलं की आधी गारवा, मग चुरचुर. टाचांच्या भेगांमध्ये आंब शिरली की डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी मी पुसत नसे. पाय झोंबल्यामुळे आलेलं पाणी आहे, त्याची चौकशी कोण करणार, असं म्हणून येऊ द्यायचो.

कापड पिकावरून ओढताना फार हलका आवाज होतो. कोणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सरकवावं तसा. धुक्यात तो आवाज आपलाच आहे की दुसऱ्या कोणाचा, हे कळेनासं व्हायचं. पलीकडच्या काठावर ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या निघायच्या. बैल दिसायचे नाहीत, नुसती घुंगरं सरकत जायची. कुठं तरी मोर ओरडायचा. एखादी होडी असल्यासारखा काळा ठिपका पाण्यावर यायचा आणि सूर्य वर आला की तो खडक निघायचा. कधी मला वाटायचं, मी अजून खुर्चीत बसलोय, सुमन यंत्रावर आहे, आणि हे सगळं डुलकीत दिसतंय. कधी उलट वाटायचं.

पहिल्या काही सकाळी मी नेटानं आंब गोळा करत राहिलो. काम करतोय हे स्वतःलाच दाखवायचं होतं. मग एकदा कापड अर्धं ओलं असतानाच बांधावर बसलो, आणि बसून राहिलो. काही विचार केला नाही. बसल्यावर लगेच तिच्या गोळ्या आठवायच्या, मग गाडीतलं पेट्रोल, मग मुलीला करायचा फोन. थोडा वेळ गेला की हे सगळे आपापल्या मार्गानं निघून जायचे, जशी गुरं ओळखीच्या गोठ्याकडे जातात. मागे राहायचा तो हरभरा. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी शीळ घालतोय. मी दचकून थांबलो, इकडेतिकडे पाहिलं. धुकं होतं. पुन्हा घातली.

बशीरभाई अधूनमधून मागून पेरलेल्या पट्ट्यातले शेंडे खुडायला यायचे. हरभऱ्याचे शेंडे खुडले की तो बाजूनं फुटतो, पसरतो. पाल्याची भाजी होते ती वेगळीच. ते माझ्याजवळ बसायचे, विडी काढायचे.

"वहिनीला गुन पडला का?"

त्यांच्याशी खोटं बोलणं जमलं नाही. डॉक्टरांनी नाही म्हटल्याचं सांगितलं.

"मग तुमी रोज कशाला येता?"

"सुमन पाठवते."

त्यांनी विडी संपवली. "मंग बरोबर हाय," म्हणाले, आणि पुन्हा विचारलं नाही.

गोळा होणाऱ्या आंबेचं काय करायचं, हा प्रश्न गल्लीनं सोडवला. काकूंचं अजीर्ण जुनं होतं. मग त्यांच्या सुनेच्या माहेरी कोणाला तरी हवी होती. मग पिठाच्या गिरणीवाल्याला. सुमन खाटेवरून वाटप बघायची. "तुमच्यामुळं आख्ख्या गल्लीची पोटं सुधारली," म्हणायची. "एक मी सोडून." काकू बाटली पदराखाली घेता घेता मला विचारायच्या, "तुझ्या बायकोला दिलीस का आधी?" मी दिली म्हणायचो आणि आतून सुमनचा खोकला ऐकू यायचा. तो खोकला नसायचा.

कधी कधी ती ओलं कापड मागून घ्यायची आणि नाकापाशी धरायची. त्या आंबट वासानं तोंड ओलं व्हायचं. जीभ टाळूला चिकटलेली असायची ती सुटायची. थोडाच वेळ. मग कापड परत द्यायची, म्हणायची, "पुरे. आता तुम्ही बोला. कुठंवर आलेत घाटे?" आणि मी सांगत बसायचो: फुलं गळायला लागली, घाटे धरले, वरच्या कोपऱ्यात अळी पडली आहे. आम्ही दोघं दिवाळीपासून आजाराखेरीज दुसरं काही बोललो नव्हतो. हरभऱ्याबद्दल इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

त्या बुधवारी मी बांधाच्या कडेला, बशीरभाईंच्या खोपीपाशी बसलो होतो. कडब्याच्या पेंढ्या होत्या, त्यांना टेकलो. धुकं दाट होतं. आदल्या रात्री सुमनला पायात गोळे आले होते आणि दोघंही फार झोपलो नव्हतो. मला आठवतं, की घुंगरं जवळ आली आणि दूर गेली, आणि परत जवळ आली.

जाग आली ती उन्हानं. अंगावर एक घोंगडी होती, माझी नव्हे. धुकं नव्हतं, आंब नव्हती, समोर सगळं रान स्वच्छ, हिरवं आणि परकं दिसत होतं. माझं कापड बांधावर पसरून त्यावर दगड ठेवलेले होते; ते वाळून खडखडीत झालं होतं. सुमनला यंत्रावर घ्यायची वेळ उलटून गेली होती. फोन पाहिला. तिचा एकही फोन नव्हता.

मी चपला हातात घेऊन धावलो. घराला कुलूप होतं. समोरच्या ओट्यावर काशीकाकू लसूण सोलत होत्या.

"आले का राजे. झाली का झोप?"

"सुमन कुठं आहे?"

"नगरला. बशीर फ्लावर घेऊन मार्केटला निघाला हुता, त्याच्याच गाडीत बसून गेली. जुबेदा हाय संगं." त्यांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "बशीर म्हनला, पत्रकार खोपीपाशी मेल्यागत पडलाय. म्या म्हनलं हाक मारा की त्याला. तर तुझी मास्तरीन म्हनती, खबरदार कुनी उठवलं तर."

मी फोन लावला. जुबेदाभाभींनी उचलला. "लागली मशीन," त्या म्हणाल्या. "ह्या घ्या ताई."

"उठलात?" सुमनचा आवाज.

"मी निघतोच आहे. गाडी काढतो."

"येऊ नका."

"गोळी घेतलीस जेवणाआधीची?"

"घेतली."

"डाव्या हातावर दाब मोजू देऊ नकोस."

"सिस्टरना माहीत आहे. त्यांचं कामच आहे ते."

"पांघरूण आपलं नेलंयस का? तिथलं पातळ असतं."

"अहो," ती म्हणाली. ट्रॉली दिसली होती तेव्हाचाच आवाज. "येऊ नका. ठेवते."

मी कुलूप काढून गाडीची किल्ली घेतली, गाडीत बसलो, गाडी सुरू केली. इंजिन बराच वेळ चालू राहिलं. नगरला पोचेपर्यंत तिचं अर्ध्याहून जास्त झालेलं असेल, एवढा हिशेब येत होता. तो हिशेब जाण्याच्या बाजूनं होता की न जाण्याच्या, ते ठरत नव्हतं. तिथं माझी खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यात जुबेदाभाभी बसल्या होत्या, आणि यंत्र चालू होतं. मी इंजिन बंद केलं.

काकूंनी हाक मारून जेवायला घातलं. बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, वर कच्चं तेल. त्या समोर बसून बोलत राहिल्या. "बायको मशीनीवर अन् नवरा रानात घोरतोय. म्या असं जलमात पाह्यलं न्हाई." दुसरी भाकरी न विचारता ताटात पडली. "लोकं काय म्हनतील, त्याचं तुला काय हाय? काय न्हाई." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पन आज तुझं तोंड मानसागत दिसतंय. खा."

जेवून त्यांच्याच ओसरीवर आडवा झालो आणि पुन्हा झोपलो. ती झोप अजून आठवते. झोप आठवावी असं सहसा होत नाही. तिच्यात काकूंच्या बांगड्या वाजत होत्या, कोणी तरी दारावरून मेथी मेथी ओरडत गेलं, कुत्रं ओसरीच्या पायरीवर येऊन बसलं, ऊन पायांवरून पोटावर सरकलं. हे सगळं मी झोपेतून पाहत होतो आणि यातलं काहीही माझ्यावर अवलंबून नव्हतं. मी उठलो नसतो तरी मेथीवाला पुढच्या गल्लीत गेलाच असता.

संध्याकाळी बशीरभाईंची गाडी वळणावर दिसली तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. गाडी जवळ आली. काच खाली होती. आत दोघी हसत होत्या. सुमन सीटवर मागे रेलून, हात पोटावर धरून हसत होती. नगरहून येताना तिला मी तसं पाहिलं नव्हतं. मला पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिनं पदर सारखा केला. चेहऱ्यावर परत तीच शांत, सोसणारी कळा आली, जी मला ओळखीची होती. ते एका क्षणात झालं. मला ते लागलं.

घरात आल्यावर ती खाटेवर बसली, मी तिच्या चपला काढल्या.

"रागावलात?"

"नाही."

"मी रागवायला सांगत नाही. विचारते."

"घाबरलो होतो," मी म्हणालो. "मग जेवलो आणि परत झोपलो."

"छान." ती थोडा वेळ हाताकडे बघत राहिली. डायलिसिससाठी गळ्यात बसवलेली नळी काढून हाताला सुया टोचायला त्याच महिन्यात सुरुवात झाली होती. सुया जाड असतात. "सुई टोचतात ना, तेव्हा तुम्ही तोंड फिरवत नाही. बघत राहता. तुमचं तोंड असं होतं," तिनं करून दाखवलं. "मग मला म्हणावं लागतं, दुखलं नाही. सिस्टर तुमच्यासमोर विचारतात, दुखलं का, मी म्हणते नाही. आज दुखलं तेव्हा मी आई गं म्हणाले. मोठ्यानं."

मी तिच्या चपला खाटेखाली सारल्या.

"जुबेदाभाभी म्हणाल्या, आनखी जोरात वरडा, इथं कोन वळकतंय आपल्याला. मग परत म्हणाले. ते शेजारचे आजोबा जागे झाले." ती हसली, तेच मघाचं हसू, थोडं कमी. "अहो, तुम्ही शेजारी असलात की मला बरं असावं लागतं. दिवसभर. यंत्रावरसुद्धा. आज तेवढं एक काम नव्हतं."

मी तिच्या पायांशी, जमिनीवर बसलो होतो. इतके दिवस मी तिला सांभाळत होतो, आणि तेवढे सगळे दिवस, बाटलीभर पाण्यावर, तीही मला सांभाळत होती. दोघांनाही सुट्टी नव्हती. मी तिला पाणी विचारलं. बाटलीत थोडं उरलं होतं. ती म्हणाली, आता नको, जेवताना.

बुधवार तेव्हापासून त्या दोघींचा आहे. सोमवार-शुक्रवार माझा. बुधवारी मी नदीकडे जातो, खांद्यावर काही न टाकता, आणि काकू अजूनही दारात उभ्या राहून बोलतात. गाडीत त्या कशाला हसत होत्या, हे मी कधी विचारलं नाही. प्रश्न विचारण्यावर माझं पोट होतं. हा एक ठेवून दिला आहे.

आज बुधवार. मघाशी बशीरभाईंची गाडी निघाली. धुकं रस्त्यापर्यंत चढलेलं होतं. वळणावर जुबेदाभाभींनी काचेतून हात बाहेर काढून हलवला. सुमननं हलवला नाही. तिनं तोंड त्यांच्याकडे फिरवलं होतं आणि ती बोलायला लागलीसुद्धा होती.